उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

"अमेरिका किती लांब आहे हो?" हा प्रश्न आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं विचारतात. ज्यांची मुलं तिकडे जायची आहेत ती, आणि ज्यांची मुलं तिकडे जाऊन बसली आहेत ती. पहिल्यांना उत्तर तासांत हवं असतं. दुसऱ्यांना उत्तर कशातच नको असतं, त्यांना नुसतं विचारायचं असतं. मुलगी सॅन होजेला राहायला गेल्यापासून मी दुसऱ्या वर्गात मोडतो.

वास्तविक अंतर मोजायची मराठी माणसाची स्वतःची अशी एक पद्धत आहे आणि तिच्यात किलोमीटरला फारसा मान नाही. आपण म्हणतो, "हाकेच्या अंतरावर." आता ही हाक कोणाची, हे कोणी सांगत नाही. हाक मारणारे घसा बसलेले मास्तर असतील तर घर शेजारी असायला हवं. भाजीवाली असेल तर दोन आळ्या पलीकडे चालेल. खेड्यात वाट विचारावी तर "ह्ये काय, टेकाडापल्याड" असं उत्तर येतं, आणि मग संध्याकाळपर्यंत टेकाडामागून टेकाडं निघत राहतात. त्यातल्या त्यात शास्त्रशुद्ध म्हणजे आपली एसटी. तिचं भाडं टप्प्यांनी चालतं. सहा किलोमीटरला एक टप्पा. या हिशेबानं मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सव्वादोन हजारांवर टप्पे होतात, आणि शेवटच्या टप्प्याला "सुटे द्या" म्हणून कंडक्टर खेकसणार तो खेकसणारच.

हे टप्पे मी हवेत काढलेले नाहीत. मुलगी गेली त्या आठवड्यात बाजारातून पृथ्वीचा गोल आणला. गोलावर मुंबईला बोट ठेवलं, सॅन फ्रान्सिस्कोला दुसरं बोट ठेवलं आणि आमच्या सौभाग्यवतींना मधे दोरा ताणून धरायला सांगितलं. (चाळीस वर्षांच्या संसारात दोरा ताणून धरायचं काम त्यांच्याकडेच आहे, तेव्हा सवय होती.) शाळेच्या नकाशावरून मला वाटायचं की अमेरिका म्हणजे डावीकडे. अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक आणि मग अमेरिका. दोऱ्याला हे मान्य नव्हतं. तो मुंबईतून निघाला तो सरळ वर दिल्लीच्या अंगानं हिमालय चढला, सिंक्यांग ओलांडून सायबेरियात शिरला, तिथून उत्तरेच्या बर्फाच्या समुद्रावर गेला आणि अलास्काच्या बाजूनं कॅलिफोर्नियात उतरला. पृथ्वी गोल असल्याचा हा परिणाम. सपाट नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर लांबची असते, आणि गोलावर जी जवळची ती नकाशावर भलतीकडे जाऊन आल्यासारखी दिसते.

हा दोरा पृथ्वीच्या परिघाचे सुमारे १२१ अंश खातो. एका अंशाला १११ किलोमीटर. गुणाकार तुम्ही करून बघा, साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास येईल. विमान तासाला ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला की पंधरा तास. पंधरा तास म्हणजे काय? पुण्याहून नागपूरला जायला रेल्वे जवळपास तेवढे घेते. मी समाधानानं दोरा गुंडाळला.

पण विमानं दोऱ्यावरून जात नाहीत. कारणं ऐकलीत तर तुम्हाला आपल्या गल्लीची आठवण येईल. पहिलं कारण डोंगर. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो नेत नाहीत. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर दहा हजार फुटांपर्यंत झटकन खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना श्वास घेता येतो. तिबेटात दहा हजार फुटांवर हवा नसते, डोंगर असतो. दुसरं कारण भांडण. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियानं पुष्कळ पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. म्हणजे आमच्या अंगणातून जायचं नाही, लांबून वळसा घालून जा. आमच्या वाड्यात नळावरून भांडण झालं तेव्हा मधल्या बोळाचं असंच झालं होतं. फक्त तिथं वळसा वीस पावलांचा होता.

तिसरं कारण वारा. हे मला सगळ्यांत आवडलं. पृथ्वीच्या अंगावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे झोत वाहत असतात. जोरात असले म्हणजे ते ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातात. १९५२ साली पॅन अमेरिकन कंपनीनं टोकियोहून होनोलुलूला जाताना या झोतात विमान घातलं, तर अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. आपल्या एअर इंडियानं तर याहून गंमत केली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला तिचं विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर, सगळा वारा तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, पहिल्यापेक्षा दोनेक तास कमी! लांबच्या रस्त्यानं लवकर पोचता येतं, हे मी सौभाग्यवतींना बाजीराव रस्ता टाळताना कित्येक वर्षं सांगत होतो. त्यांना पटलं नव्हतं. त्यांना एअर इंडियाचं पटलं.

हे सगळं अंतर झालं. वेळेची गोष्ट आणखी वेगळी. भारताच्या घड्याळाच्या मागे कॅलिफोर्नियाचं घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक काटे तासभर पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे ओढतात. आपल्याकडे असं कोणी करून बघावं! १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ दिली, तर मुंबईनं आपली जुनी ३९ मिनिटं सोडली नाहीत. 'बॉम्बे टाइम' म्हणून ती १९५५ पर्यंत सांभाळली. मुंबईकराला ३९ मिनिटं सोडायला एकोणपन्नास वर्षं लागली. आमची मुलगी साडेतेरा तास एका प्रवासात सोडून आली, आणि वर "जेट लॅग काही नाही झाला हं बाबा" असं म्हणाली.

हा घड्याळाचा घोळ मी एकदा मिरजेच्या आत्याला समजावून सांगायला बसलो. ही माझी सख्खी आत्या. बालविधवा नव्हे, कजागही नव्हे. कथा-कादंबऱ्यांतल्या आत्यांशी तिचा काही संबंध नाही. नगरपालिकेच्या शाळेत तिनं बत्तीस वर्षं गणित शिकवलं. आम्ही दोघं नोकरीवर जात होतो, त्यामुळे आमची मुलगी पहिली सहा वर्षं मिरजेत तिच्यापाशीच वाढली. तेव्हा अमेरिका किती लांब, हे विचारण्याचा खरा अधिकार तिचा.

"मंगळवारी पहाटे निघाली ना रे ती?" आत्या म्हणाली.

"हो."

"आणि पोचली कधी?"

"मंगळवारी दुपारी."

"मग बरंच जवळ आहे की!"

"तसं नव्हे आत्या. प्रवास चोवीस तासांचा झाला. पण तिथं अजून मंगळवारच होता."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे एक दिवस फुकट मिळाला म्हण."

"परत येताना काढून घेतात."

"मग ते कर्जच," आत्या म्हणाली. "किलोमीटर सांग."

मी साडेतेरा हजार सांगितले. मिरजेहून मुंबई रेल्वेनं पावणेपाचशेच्या आसपास. आत्यानं तोंडी भागाकार केला. "अठ्ठावीस रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस," ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली. नंतर एवढंच म्हणाली, "अठ्ठावीस डबे कोण देणार?"

पुढे आम्ही उभयतां मुलीकडे जाऊन आलो, तेव्हा माझा पंधरा तासांचा भागाकार पार मोडीत निघाला. तिकिटावर लिहिलेलं असतं ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. माणूस काही विमानतळावर जन्मत नाही. तो पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला आधी गॅस बंद केला की नाही हे बघायला दोनदा वर जावं लागतं. मग मुंबईपर्यंत दीडशे किलोमीटर, वेळ पाच तास, कारण घाट. तिथं चार तास आधी, कारण मेव्हणे म्हणाले. मुंबई ते दुबई तीन तास. दुबईत चार तास, त्यात बाकं शोधण्याचे दोन. मग दुबई ते सॅन फ्रान्सिस्को, तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को पृथ्वीच्या दोन अंगांना इतकी समोरासमोर आहेत की त्यांच्यातला जवळचा रस्ता जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो. उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत दोन तास आणि पुढे मोटारीनं एक. एकूण पस्तीस! उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पस्तीस तास, आणि त्यातला जेमतेम निम्मा वेळ आपण खरोखर उडत असतो. उरलेला वेळ आपण उभे असतो.

विमानात समोरच्या पडद्यावर एक नकाशा दाखवतात. त्यात आपलं विमान साधारण गुजरातएवढं असतं. ते हलताना दिसत नाही, म्हणून माणूस डोळे मिटतो. उघडतो तेव्हाही ते तिथंच असतं. शेजारी आकडा असतो : मुक्काम ९,८४२ किलोमीटर. पोळीचा तुकडा मोडेपर्यंत ९,८३०. जगात दुसरं कुठलंही काम असं डोळ्यांदेखत, इमानानं आणि इतकं सावकाश पुढे सरकताना मी पाहिलेलं नाही. अपवाद सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेचा. पण ती पुढे सरकत नाही.

अर्थात कुरकुर करायला आपल्याला तोंड नाही. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या ७ एप्रिल १८८३ ला, आणि न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. अठ्ठावन्न दिवस! वय अठरा, सोबतीला नवरा नाही, आणि पत्र पाठवावं तर उत्तर यायला महिनेच्या महिने. नंतर १९४८ च्या ८ जूनला मुंबईहून एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, ते १० तारखेला पोचलं. १९६० च्या मे महिन्यात त्याच कंपनीची जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून श्रीलंकेतून ऑस्ट्रेलियातल्या पर्थला पाण्यावर उतरणारी विमानं जात होती. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच, पण सत्तावीस ते बत्तीस तास न थांबता हवेत. त्या प्रवाशांना एका उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसायचा, म्हणून कंपनी त्यांना 'दोन सूर्योदयांचे' प्रमाणपत्र द्यायची. आम्हाला पस्तीस तासांत एकही सूर्योदय धड दिसला नाही, कारण खिडकीवाल्या गृहस्थांनी झडप ओढून घेतली होती. प्रमाणपत्राचा प्रश्नच नव्हता.

या सगळ्या हिशेबांचा खरा उपयोग मात्र आमच्या घरात एकदाच झाला. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मिरजेहून फोन आला, आत्याला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणाले, "बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या." हे वाक्य ऐकलं की घरातली माणसं रडायच्या आधी हिशेब करायला लागतात. पुण्याहून आम्ही, पाच तास. नाशिकची बहीण, दहा. आणि सॅन होजे? घर ते विमानतळ एक, तिथं तीन, उड्डाण सोळा, दुबईत चार, मुंबईपर्यंत तीन, बाहेर पडायला दीड, आणि मुंबई ते मिरज मोटारीनं साडेआठ. सदतीस. मी तो आकडा दवाखान्याच्या बिलामागं लिहिला आणि डॉक्टरांना दाखवला. जणू काही ते तो मंजूर करणार होते.

मुलगी निघाली. आत्या मधूनमधून शुद्धीवर यायची आणि विचारायची, "कुठवर आली?" मी फोनवर विमानाचा नकाशा बघून सांगायचो. "ग्रीनलंडच्या पलीकडे आहे, आत्या." थोड्या वेळानं, "आता उत्तर ध्रुवाच्या आसपास."

"स्वेटर घातलाय का विचार," आत्या म्हणाली.

मग रशियाची कड, मग इराण, मग दुबई. भूगोलाचा असा तास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. सदतिसाव्या नव्हे, एकोणचाळिसाव्या तासाला मुलगी दवाखान्याच्या जिन्यावरून धावत वर आली. (दोन तास घाटात गेले. घाट कोणाचं ऐकत नाही.) आत्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि त्या दिवसापासून ती बरी व्हायला लागली. डॉक्टर औषधाला श्रेय देतात, देवोत बापडे.

मुलगी परत जायच्या आदल्या रात्री आत्यानं तिला जवळ बसवलं. गणिताच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "हे बघ, या खेपेला जमलं. पुढच्या खेपेला निरोप आला तर निघायचं नाही. एकोणचाळीस तास मला बर्फावर ठेवतील हे, तू येईपर्यंत. मला थंडी सोसत नाही, तुला ठाऊक आहे."

"आजी, काहीतरी काय बोलतेस!"

"काहीतरी नव्हे, हिशेब सांगतेय. भेटायचं ते आत्ता भेटून झालं. जिवंतपणी आलीस, ते एकोणचाळीस तास कामी आले. नंतरचे फुकट जातील."

दीड वर्षांनी आत्या गेली, पहाटे चार वाजता, झोपेत. मुलीला फोन केला, तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीची दुपार होती. ती ऑफिसात होती. "निघू का?" असं तिनं विचारलं नाही. "आजीनं सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. आम्ही थांबलो नाही. सकाळी नऊ वाजता सगळं झालं. माझ्या भाच्यानं फोन हातात धरून तिला दाखवलं. चित्र मधेच अडकायचं. साडेतेरा हजार किलोमीटर पार करायला त्या चित्राला डोळ्याची पापणी लवायलासुद्धा वेळ लागत नाही, आणि माणसाला एकोणचाळीस तास. विज्ञानानं पोचवायचं ते सगळं पोचवलं, फक्त माणूस तेवढा मागे राहिला.

त्यानंतर एक प्रश्न निघाला, तो आमच्या घराण्यात पूर्वी कधी निघाला नव्हता. मुलीनं विचारलं, "बाबा, आजीची तारीख मी कुठली धरायची? तुमच्याकडे ती गेली तेव्हा माझ्याकडे आदला दिवस होता." मी गुरुजींना फोन लावला. गुरुजी विचारात पडले, पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गेल्या मिरजेत, तेव्हा तिथी मिरजेची. पण त्या मुलीनं तिच्या तारखेला दिवा लावला तर कोणी अडवणार नाही."

तेव्हापासून मुलगी तिच्या तारखेला दुपारी देवापाशी दिवा लावते, आणि आम्ही आमच्या तारखेला सकाळी. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, या घोळात आजीला दोन दिवस मिळतात."

"मिळू देत की," ती म्हणाली. "एक दिवस फुकट मिळतो असं तीच म्हणाली होती."

परवा गोलावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती ज्यांची मुलं लांब आहेत त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटरांचा. म्हणजे या पृथ्वीवर कोणालाही आपल्यापासून वीस हजार किलोमीटरांपेक्षा लांब जाताच येत नाही. मुंबईच्या बरोबर पाठीमागे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला, पॅसिफिक महासागरात तो बिंदू येतो. तिथं नुसतं पाणी आहे. नोकरी, शाळा, घराचे हप्ते काही नाही, तेव्हा तिथं जाण्याचं कोणाच्या मुलांना कारणही नाही. आणि गेलीच एखाद्याची, तर तिथून पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल, कुठल्याही दिशेला टाकलं तरी, घराकडेच येतं.